जिह्वावक्रता : बाराव्या शीर्षण्य नाडीचा घात आणि त्याचे व्यवहारातील निदान

अष्टविध परीक्षेमध्ये जिह्वेस स्वतंत्र स्थान असल्यामुळे आपल्यापैकी बहुतेक वैद्य प्रत्येक रुग्णास जीभ दाखविण्यास सांगतात. तथापि व्यवहारात ही परीक्षा बहुधा जिभेच्या पृष्ठभागापुरतीच मर्यादित राहते. जीभ साम आहे की निराम, लिप्त आहे की रूक्ष, तिला भेगा आहेत काय, वर्ण कसा आहे, एवढे पाहून वैद्य नाडीकडे वळतो. जीभ सरळ बाहेर आली की एका बाजूस झुकली, तिचे दोन्ही अर्धभाग सारखे भरलेले आहेत काय, तोंडात स्वस्थ असताना तिच्यावर सूक्ष्म स्फुरण दिसते काय, या प्रश्नांकडे सहसा लक्ष जात नाही. वास्तविक यासाठी निराळे उपकरण लागत नाही. अर्धा मिनिट अधिक आणि चांगला प्रकाश एवढ्यावर हे काम होते.

बाराव्या शीर्षण्य नाडीचा एकाकी घात हा विरळा व्याधी आहे. सामान्य चिकित्सालयात वर्षानुवर्षे असा एकही रुग्ण न येणे शक्य आहे. असे असूनही त्याचा स्वतंत्र विचार करण्याचे कारण असे की, जेव्हा तो आढळतो तेव्हा त्याच्या मुळाशी बरेचदा गंभीर विकृती असते. अमेरिकेतील चेतातज्ज्ञ कीन यांनी १९९६ साली अशा १०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये अर्बुद हे कारण सापडले आणि त्यांतील बहुसंख्य अर्बुदे घातक स्वरूपाची होती. हा आढावा मोठ्या रुग्णालयातील असल्याने आपल्या चिकित्सालयास तो जसाच्या तसा लागू होणार नाही. तरीही वाकडी जीभ पाहून 'वात आहे, तेल लावा' असे म्हणून रुग्णास परत पाठविता येणार नाही, इतका बोध त्यातून निश्चित होतो.

ग्रंथोक्त विचार

वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये जिह्वास्तंभाचे वर्णन केले आहे. वाणीचे वहन करणाऱ्या सिरांमध्ये आश्रित झालेला वायू जिभेस स्तंभित करतो आणि त्यामुळे खाणे, पिणे व बोलणे या तिन्ही क्रियांवरील रुग्णाचा ताबा जातो, असा त्याचा आशय आहे. अर्दिताच्या वर्णनातही वाणी अडखळणे येते आणि पक्षाघातातही वाग्विकृती सांगितली आहे. म्हणजे जिभेची दुर्बलता स्वतंत्र व्याधी म्हणून येऊ शकते, त्याचप्रमाणे व्यापक व्याधीचे एक लक्षण म्हणूनही येऊ शकते, हा भेद प्राचीनांना अवगत होता. आजच्या निदानाचा पहिला प्रश्नही नेमका हाच असतो.

सुश्रुतांच्या शारीरस्थानातील दोन उल्लेख येथे विशेष उद्बोधक आहेत. सिरावर्णनात जिभेच्या रसवहा आणि वाग्वहा सिरा वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. आधुनिक शारीरानुसारही रुची आणि गती यांच्या नाड्या भिन्न आहेत. बाराव्या नाडीच्या घातात चव जात नाही. दुसरा उल्लेख नीला आणि मन्या या मर्मांचा. कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस असणाऱ्या या मर्मांवर आघात झाल्यास मूकता, स्वरवैकृत्य आणि रसज्ञान नष्ट होणे ही लक्षणे सांगितली आहेत. मानेच्या त्याच प्रदेशात मोठ्या रक्तवाहिन्यांच्या निकट नववी, दहावी, अकरावी आणि बारावी या चारही शीर्षण्य नाड्या जातात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निरीक्षणाचे मोल कळते. वाग्वहा सिरा म्हणजेच बारावी नाडी, असे समीकरण मात्र मी मांडणार नाही. तसे करण्याने ग्रंथाचा गौरव वाढत नाही आणि शारीराचे ज्ञानही वाढत नाही.

नाडीचा मार्ग

मार्ग ठाऊक असल्याशिवाय स्थाननिश्चिती होत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. ही नाडी केवळ चेष्टावह आहे. तिचे केंद्र मस्तिष्कस्तंभाच्या सर्वांत खालच्या भागात, म्हणजे मेड्यूलात, मध्यरेषेच्या अगदी जवळ असते. तेथून अनेक सूक्ष्म मुळांनी बाहेर पडून ती कवटीच्या तळाशी पश्चकपालास्थीतील स्वतःच्या स्वतंत्र छिद्रातून बाहेर येते. हे छिद्र कवटी आणि पहिला मणका यांच्या सांध्याला, म्हणजे पश्चकपालास्थीच्या कंदाला, अगदी लागून आहे. पुढे ती आभ्यंतर ग्रीवा धमनी आणि ग्रीवा सिरा यांच्या सान्निध्यात खाली उतरते, जबड्याच्या कोनापाशी पुढे वळते आणि जिभेत शिरते. तालूकडे जाणारी एक पेशी वगळता जिभेच्या सर्व पेशी तिच्या अधीन आहेत. त्यांतील जिनिओग्लॉसस ही पेशी जिभेस पुढे व विरुद्ध बाजूस ढकलते. उजवीकडील पेशी दुर्बल झाली की डावीकडील पेशी एकटीच ढकलते आणि बाहेर काढलेली जीभ उजवीकडे वळते. जीभ रोगाकडे वळते, हे सूत्र यातूनच आले आहे.

दर्शन, स्पर्शन, प्रश्न

प्रथम रुग्णास तोंड उघडून जीभ तोंडातच सैल ठेवण्यास सांगावे. हा क्रम बदलू नये. बाहेर काढलेली जीभ निरोगी माणसातही थरथरते, त्यामुळे स्फुरण पाहावयाचे ते जीभ तोंडात स्वस्थ असतानाच. एका अर्धावर कृमी हालचाल करीत असावेत असे सूक्ष्म स्फुरण, सुरकुत्या, किनारीवर खाचा आणि जाडी कमी होणे ही केंद्रातील किंवा नाडीतील विकृतीची चिन्हे होत. ती लगेच दिसत नाहीत. घातानंतर काही आठवडे जावे लागतात. म्हणून शोष नाही याचा अर्थ नाडी निरोगी आहे असा नव्हे, कदाचित व्याधी नवा आहे एवढाच. याच स्थितीत जीभ किंचित निरोगी बाजूस वळलेली दिसू शकते आणि बाहेर काढताच ती उलट बाजूस जाते. दुर्बल बाजू ठरवावयाची ती बाहेर काढलेल्या जिभेवरून.

नंतर जीभ बाहेर काढावयास सांगून तिच्या मध्यरेषेची तुलना नाकाचे टोक आणि हनुवटीचा मध्य यांच्याशी करावी. ओठांच्या कोनांशी तुलना करू नये. अर्दिताच्या रुग्णात ओठ एका बाजूस ओढला गेल्यामुळे सरळ असलेली जीभही वाकडी भासते. अशा वेळी ओढलेला ओठ बोटाने सावरून जीभ पुन्हा काढावयास लावावी, भास असल्यास तो तत्काळ नाहीसा होतो. समोरचे दात पडलेले किंवा वेडेवाकडे असल्यास जीभ मोकळ्या जागेतून बाहेर येते, त्यानेही फसगत होते.

तिसरी पायरी बलपरीक्षेची. रुग्णाने जिभेने आतून गाल ढकलावा आणि वैद्याने बाहेरून बोटाने विरोध करावा. उजवी नाडी दुर्बल असेल तर डावा गाल ढकलताना जोर कमी पडतो. पुष्कळांना हे उलट वाटते; पेशी विरुद्ध बाजूस ढकलते हे स्मरणात ठेवल्यास गोंधळ होत नाही.

चौथी पायरी उच्चारांची आणि येथे आपली वर्णमाला उत्कृष्ट साधन ठरते. प, ब, म हे ओष्ठ्य वर्ण जिभेविना होतात, ते शुद्ध राहतील. त, द, न, ल हे दंत्य आणि ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण जिभेच्या अग्रावर अवलंबून असल्याने प्रथम बिघडतात. 'काळा डोळा', 'तळण दळण' असे शब्द जलद म्हणावयास सांगितल्यास अल्प दोषही उघड होतो. बोलणे नाकातून येत असेल किंवा आवाज घोगरा असेल तर केवळ बाराव्या नाडीने ते स्पष्ट होत नाही. शेजारची दहावी नाडी तपासलीच पाहिजे. एका बाजूच्या घातात, विशेषतः तो हळूहळू झाला असल्यास, वाणी जवळजवळ प्राकृत राहू शकते. रुग्णाची तक्रारही बहुधा बोलण्याची नसते. 'घास एका गालात अडकतो', 'जीभ वरचेवर चावली जाते', 'जीभ जड वाटते' असे तो सांगतो.

स्पर्शन मात्र टाळू नये. हातमोजा घालून जिभेचे दोन्ही अर्ध बोटांच्या चिमटीत धरून पाहावेत. नाडीघातात दुर्बल बाजू मऊ व शिथिल लागते. त्याऐवजी कठीण गाठ हाती लागली किंवा जिभेच्या किनारीवर खालच्या बाजूस व्रण दिसला, तर प्रश्नच बदलतो. आपल्या प्रदेशात तंबाखू, मावा आणि गुटखा यांचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली तरी रुग्णांची तोंडे काही निराळेच सांगतात. जिभेतील अर्बुदाने पेशी जखडल्या गेल्यास जीभ त्या बाजूस ओढली जाते. सुपारीजन्य तंतुमयतेत तोंडच पुरे उघडत नाही आणि जीभ दातांबाहेर येत नाही. दोन्ही ठिकाणी मूळ दोष नाडीत नसून स्थानिक आहे आणि दोन्ही ठिकाणी वातव्याधीची चिकित्सा हा केवळ कालापव्यय ठरेल.

विकृती कोठे आहे?

पक्षाघाताच्या रुग्णात जीभ वळलेली असेल तर एक साधी तुलना करावी. जीभ आणि दुर्बल हातपाय एकाच बाजूचे असतील तर विकृती वर, मेंदूच्या अर्धगोलात आहे. अशा जिभेत शोष व स्फुरण नसते आणि तिची वक्रता बरेचदा काही दिवसांत कमी होते. जीभ एका बाजूस आणि हातपाय दुसऱ्या बाजूचे दुर्बल, चेहरा मात्र सुटलेला, असे असेल तर विकृती मेड्यूलात आहे. आकस्मिक प्रारंभ असल्यास दोन्ही प्रसंगी एकही औषध देत न बसता रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात धाडावे. रक्ताची गुठळी विरघळविण्याच्या औषधाचा लाभ लक्षणे सुरू झाल्यापासून सामान्यतः साडेचार तासांपर्यंतच मिळतो आणि ग्रामीण भागातील रुग्णाचे निम्मे तास वाटेतच जातात.

जिभेच्या दोन्ही अर्धांत शोष आणि स्फुरण, सोबत हातांच्या पेशींचाही शोष असेल तर चेष्टावह चेतापेशींच्या क्षयाचा विचार करावा लागतो. याउलट जीभ लहान, ताठ व मंद, स्फुरण नाही, आणि रुग्ण विनाकारण रडतो किंवा हसतो, तर विकृती दोन्ही बाजूंस वरच्या मार्गात असते. दुपारनंतर किंवा बोलता बोलता वाढणारी आणि विश्रांतीने सुधारणारी दुर्बलता, सोबत पापण्या जड होणे, हे मायस्थेनियाचे चित्र होय.

केवळ जीभच एका बाजूची दुर्बल आणि हातपाय उत्तम, अशा रुग्णात विकृती बहुधा कवटीच्या तळाशी किंवा मानेत असते. येथे शेजाऱ्यांची चौकशी करावी. 'आ' म्हणताना पडजीभ एका बाजूस जाते काय, गिळताना पाणी नाकातून येते काय, आवाज बदलला काय, खांदा उचलताना जोर कमी पडतो काय, एका डोळ्याची पापणी किंचित उतरून बाहुली लहान झाली आहे काय, मानेत ग्रंथी लागतात काय, हे क्रमाने पाहावे. आवाज आणि जीभ ही दोनच एकत्र बिघडल्यास त्या लक्षणसमुच्चयास स्पेनचे कंठतज्ज्ञ टापिया यांचे नाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बैलाच्या शिंगाने मानेत जखमी झालेल्या झुंजकऱ्यामध्ये त्यांनी तो पाहिला. आज तो भूल देण्यासाठी घशात नळी घालून केलेल्या शस्त्रकर्मानंतर क्वचित आढळतो, म्हणून अलीकडे कोणते शस्त्रकर्म झाले हे विचारावे. घशाच्या वा मानेच्या कर्करोगासाठी पूर्वी किरणोपचार घेतले होते काय, हेही विचारावे. त्यांचा परिणाम नाडीवर वर्षानुवर्षांनी उमटू शकतो.

मान दुखते आणि जीभ वळते

माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, कारण असा रुग्ण ॲलोपॅथी रुग्णालयाच्या आधी आपल्याकडे येतो. एक काल्पनिक रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. वय साठीच्या घरात, दोन महिन्यांपासून डोक्याच्या मागे उजवीकडे, मानेच्या मुळाशी सतत वेदना. वेदना मान वळविताना वाढते आणि रात्री झोपमोड करते. मणक्यांची झीज म्हणून वेदनाशामक गोळ्या झाल्या, मग मन्यास्तंभ समजून अभ्यंग, स्वेद व ग्रीवाबस्ती झाली. थोडे बरे वाटले, पुन्हा दुखले. आता घास गालात अडकतो. जीभ पाहिली तर उजवीकडे वळते.

एका बाजूची पश्चकपाल वेदना आणि त्याच बाजूची जिह्वादुर्बलता हे चित्र १९८१ साली पश्चकपालकंदाचा लक्षणसमुच्चय म्हणून वर्णिले गेले. शरीरात अन्यत्र असलेल्या कर्करोगाचा प्रसार कवटीच्या तळाशी झाल्याची ती खूण असते. स्त्रियांत स्तनाचा आणि पुरुषांत पौरुष ग्रंथीचा कर्करोग प्रथम आठवावा. वेदना आधी येते, जीभ नंतर वळते. पूर्वी कर्करोगाचे शस्त्रकर्म झाल्याचे रुग्ण स्वतःहून सांगत नाही, कारण मानदुखीशी त्याचा संबंध त्याला वाटत नाही. तो प्रश्न वैद्यानेच विचारावयाचा असतो. आपल्या देशात याच प्रदेशातील अस्थिक्षयाचाही विचार करावा. ताप, वजन घटणे, मान एका बाजूस धरून ठेवणे ही लक्षणे असल्यास तो अधिकच संभवतो, आणि त्यावर खात्रीची औषधे उपलब्ध आहेत.

वय कमी असेल आणि मानेत व डोक्यात एका बाजूस अचानक तीव्र वेदना उठून काही तासांत किंवा दिवसांत जीभ वळली असेल, तर आभ्यंतर ग्रीवा धमनीच्या भिंतीत चीर पडली असण्याची शंका घ्यावी. मान झटक्याने वळणे, अवजड ओझे, कधी मालिशवाल्याने मानेस दिलेला झटका, एवढे क्षुल्लक निमित्तही पुरते. त्याच बाजूची पापणी उतरलेली व बाहुली लहान असेल तर शंका दृढ होते. या धमनीतून गुठळी सुटून पक्षाघात होण्याचे भय असते.

यावरून एक निर्बंध निश्चित करता येतो. मानदुखीसोबत जिह्वावक्रता असलेल्या रुग्णाच्या मानेस निदान होईपर्यंत मर्दन, ताण किंवा झटका देऊ नये आणि ग्रीवाबस्तीही थांबवावी. कंद पोखरलेला असेल, सांधा क्षयाने ढिला झाला असेल किंवा धमनीस चीर असेल, तर या उपक्रमांनी प्राणावर बेतू शकते. वेदना असली म्हणजे स्नेहन-स्वेदन, ही सवय येथे आवरली पाहिजे.

अशा रुग्णास कवटीचा तळ आणि मान यांचे, विरोधक द्रव्य देऊन, एम.आर.आय. आणि रक्तवाहिन्यांचे चित्रण आवश्यक असते. केवळ मेंदूचा सी.टी. स्कॅन 'नॉर्मल' आला म्हणून समाधान मानू नये. त्यात बाराव्या नाडीचे छिद्र आणि मानेतील मार्ग पुरेसा दिसत नाही. म्हणून पाठवणीच्या चिठ्ठीत 'जीभ वाकडी' एवढेच न लिहिता 'उजव्या बाराव्या शीर्षण्य नाडीचा घात, शोष आहे, दोन महिने उजवी पश्चकपाल वेदना, कवटीच्या तळाचे चित्रण व्हावे' असे स्पष्ट लिहावे. अशी चिठ्ठी वाचणारा तज्ज्ञ वैद्याकडेही निराळ्या दृष्टीने पाहू लागतो, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

औषधालयाच्या गल्ल्यावर

औषधालय चालविणाऱ्या बंधूंकडे असा ग्राहक 'जीभ जड झाली, सारस्वतारिष्ट द्या' किंवा 'अक्कलकारा आहे का' असे विचारीत येतो. वेखंड, अक्कलकारा मधातून जिभेस चोळण्याची परंपरा घराघरांत आहे आणि उशिरा बोलणाऱ्या बालकासाठी ही द्रव्ये नेणाऱ्यास अडविण्याचे कारण नाही. ग्राहक प्रौढ असेल तर मात्र तीन प्रश्न विचारावेत : हे केव्हा सुरू झाले, हातपाय किंवा चेहऱ्यात काही बदल आहे काय, मान वा डोके दुखते काय. आज किंवा काल सुरू झाले असे उत्तर आल्यास बाटली न देता रुग्णालयाचा रस्ता दाखवावा.

चिकित्सेसंबंधी

जिह्वास्तंभात अवस्थेचा विचार करून वातचिकित्सा करावी, इतक्या मोजक्या शब्दांत वाग्भटांनी चिकित्सा सांगितली आहे. अवस्थेचा विचार म्हणजे हेतूचा आणि संप्राप्तीचाही विचार, असे मी समजतो. अर्बुदाने किंवा शोथाने मार्ग दाबला गेला असता केवळ बृंहणाने काय साधणार? मूळ कारणाची चिकित्सा सुरू झाल्यावर, किंवा सर्व तपासण्यांती कारण न सापडल्यास, नस्य, बल्य औषधे आणि जिभेचे व्यायाम यांना स्थान आहे. रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असेल तर लशुन, गुग्गुळ यांचे कल्प संबंधित तज्ज्ञास कळवूनच द्यावेत.

गंडूषाविषयी स्वतंत्र सूचना करावीशी वाटते. तोंड तेलाने पूर्ण भरून धरण्यासाठी जीभ आणि तालू दोन्ही सक्षम हवेत. गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णात तेल श्वासमार्गात उतरून फुप्फुसशोथ होऊ शकतो. त्यामुळे आधी चमचाभर पाणी देऊन पाहावे. ठसका लागला किंवा आवाज ओलसर झाला तर गंडूष, कवल आणि तैलनस्य तिन्ही वर्ज्य करावेत. पाणी व्यवस्थित गिळले तरी घसा व आवाज यांची परीक्षा प्राकृत असल्याशिवाय पूर्ण गंडूष देऊ नये. अन्न मऊ व घट्टसर असावे, रुग्णाने ताठ बसून, हनुवटी किंचित खाली घेऊन जेवावे आणि जेवणानंतर दुर्बल बाजूच्या गालातील अन्न बोटाने काढून चूळ भरावी.

कारण न सापडलेल्या काही रुग्णांत जीभ काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप सुधारते. तेव्हा अमुक कल्पाने जिह्वास्तंभ बरा झाला, असा रुग्णवृत्तांत लिहिताना कोणते चित्रण झाले होते आणि त्यात काय दिसले, हे नमूद असावे. अन्यथा त्या वृत्तांतावरून दुसऱ्या वैद्यास काहीच ठरविता येत नाही. प्रत्येक भेटीत जीभ तोंडात सैल असताना आणि बाहेर काढलेली असताना, अशी दोन छायाचित्रे एकाच अंतरावरून व एकाच प्रकाशात घेऊन रुग्णपत्रिकेस जोडावीत. तपासणीत काही न सापडलेल्या रुग्णास तीन महिन्यांनी पुन्हा बोलवावे. शोष वाढलेला दिसला, नवी वेदना उद्भवली किंवा शेजारची दुसरी नाडी दुर्बल झाली, तर पहिले चित्रण निर्दोष असले तरी ते पुन्हा करून घ्यावे.